बारतोंडे साहेबाची लाइन

किस्से जमवायला म्हणून कोणी बसत नाही हो. शेताच्या धुऱ्यावरच्या गवतातून चालत गेलं की धोतराला कुसळं लागतात, आणि घरी येऊन उंबऱ्यावर बसलं की मग ती दिसतात. तसंच हे. आमची आगगाडीची लाइन अकोल्याकडून बडनेऱ्याकडे सरकत गेली आणि मी तिच्या बरोबरीने पायी चालत गेलो. काम दुभाष्याचं. साहेबाचं इंग्रजी लोकांना सांगायचं आणि लोकांच्या शिव्या साहेबाला सांगायच्या, जरा गाळून!

ते दिवस काय होते म्हणून सांगू! तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचं वऱ्हाड आठवलं. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. हा सगळा कापूस झपाट्याने मुंबईला न्यायचा, म्हणून ही लाइन. मधे रूळ, रुळांच्या कडेने तारेचे खांब, खांबांच्या कडेने रस्ता. एवढा मोठा पट्टा भर काळ्या जमिनीतून जायचा. ज्याची जमीन त्यात जाणार, तो काही आरती घेऊन उभा राहणार नव्हता. अर्धं वऱ्हाड म्हणे गाडी आणा, अर्धं म्हणे गाडी गाडा!

* * *

आमच्या इंजिनियर साहेबाचं नाव बार्टन. तांबडे केस, उन्हाने सोललेलं नाक, वय पंचविशीच्या आसपास. मराठी शिकायची भारी हौस. आणि शिकला कोणाकडून, तर मजुरांकडून आणि गाडीवानांकडून. त्यामुळे बोलायचा तो अस्सल वऱ्हाडी, फक्त शब्द कुठले कुठे जाऊन बसायचे.

'बार्टन' कोणाच्या तोंडात बसेना. लोकांनी त्याचं 'बारतोंडे साहेब' करून टाकलं. ते थेट मुर्तिजापूरपर्यंत पसरलं.

एक दिवस काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ तंबूत आले. डोक्याला स्वच्छ पागोटं, अंगावर घडीचं उपरणं. बसले, पाणी प्यायले, साहेबाला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब, आमीबी बारतोंडेच. तुमी कुठले बारतोंडे?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर साहेबाने मला हाताने थांबवलं. तोंड अगदी गंभीर केलं आणि म्हणाला, "लांबचे!"

म्हाताऱ्यांचं समाधान झालं. जाताना मला हळूच म्हणाले, "तरीच म्हनलं, रंग घरातला नाई वाटत."

पुढे त्यांच्या नातीच्या लग्नात साहेबाचा पाट भावकीच्या पंगतीत होता!

* * *

लाइन कुठून जाणार ते दाखवायला आम्ही जमिनीत लाकडी खुंट्या ठोकत जायचो. प्रत्येक खुंटीला लाल फडकं. पिंपळखेडच्या शिवारात आम्ही दिवसा ठोकायच्या आणि सकाळी येऊन पाहावं तर एक जागेवर नाही. पुन्हा ठोका, पुन्हा गायब. मग शिपाई यायचे, गावातले चार गडी चावडीवर नेऊन बसवायचे, आणि पेरणीची कामं तशीच पडून राहायची.

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी आम्ही गेलो तर सगळ्या खुंट्या जागच्या जागी! नुसत्या जागच्या जागी नाही. प्रत्येकीला शेंदूर फासलेला, हळदकुंकू वाहिलेलं, पुढ्यात नारळ फोडलेला.

साहेब हरखला. "पाटील, लोकाईले पटलं!"

गावचे नारायण पाटील म्हणाले, "पटलं नाई, साहेब. पोट्टे उपटून राहिले होते आन् मानसं चावडीत सडून राहिले होते. बाया कटाळल्या. त्याईनं तुमच्या खुंट्याईचे देव करून टाकले. आता कोनाची माय व्याली हाये हात लावाची?"

झगडा मिटला. पण आठवड्याभरात साहेबाच्या ध्यानात आलं की नाल्याजवळच्या खुंट्या जरा चुकीच्या पडल्यात, थोड्या उत्तरेला सरकवायला पाहिजेत. गेलो आम्ही. बाया कंबर बांधून उभ्या! त्यांच्यातली एक साहेबाला म्हणाली, "काहून भाऊ, देव हालवाले आलास का?"

"पण ती माझी खुंटी हाये!"

"होती."

साहेब तंबूत परतला. दिवसभर नकाशावर वाकून बसला, आणि शेवटी लाइनच सरकवली.

आजही पिंपळखेडपाशी गाडी उगाचच एक वळण घेते. नवा इंजिनियर आला की नकाशा पसरून डोकं खाजवतो. आम्ही काही सांगत नाही.

* * *

रुळांखाली जे आडवे लाकडी ओंडके टाकतात त्यांना इंग्रजीत स्लीपर म्हणतात. म्हणजे शब्दशः पाहिलं तर झोपणारा. मेळघाटातून धारणीकडचं सागवान यायचं, पण ते पुरेना. साहेबाने ठरवलं की गावोगाव सांगून लाकूड गोळा करायचं. नेमका त्या दिवशी मी हिवतापाने गारठून पडलेलो. साहेब म्हणाला, काही हरकत नाही, मीच बोलतो!

भर बाजारात एका गाडीवर चढून त्याने सांगितलं, "मले झोपणारे पायजे! लय पायजे! जाड, मजबूत. ऊन असो, पाऊस असो, जागचे हालले नाई पायजे! पैसे रोख देईन!"

सकाळी मी कसाबसा तंबूबाहेर आलो, तर समोर ही गर्दी! जो तो काखोटीला वाकळ मारून उभा. सगळ्यांत पुढे सदाशिव नावाचा एक आडदांड गडी.

तो म्हणाला, "साहेब, बाकीच्याईले वापस पाठवा. माह्यावानी झोपनारा पंचक्रोशीत नाई. आमच्या घराले आग लागली होती, तरी मी उठलो नाई!"

त्याची बायको साक्षीला सोबत आलेली. ती पदर सावरून म्हणाली, "खरं हाये, साहेब. मीच पाय धरून वढत भायेर आनलं."

मी साहेबाला सगळा घोटाळा समजावून सांगितला. साहेब हसून हसून खाली बसला. पण एवढी माणसं आशेने आलेली, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवणार? सगळ्यांना मातीकामाला घेतलं.

सदाशिवला मात्र नेमलं रात्रीच्या पहाऱ्यावर! का, ते मला अजूनही कळलेलं नाही.

* * *

अमरावतीत कापसाचा बाजार केवढा मोठा! आणि लाइन मात्र अमरावतीला बगल देऊन बडनेऱ्याहून जाणार, असं कानावर येत होतं. झालं! शहरात दोन तट पडले. रोज एक शिष्टमंडळ आमच्या तंबूत.

एकदा दोन शिष्टमंडळं एकाच वेळी आली. एकाच दमणीतून, म्हणजे एकाच छकड्यातून! पाहतो तर एकाचे पुढारी गोविंदशेठ, कापसाचे मोठे व्यापारी, आणि दुसऱ्याचा पुढारी त्यांचाच मुलगा बाळशेठ.

गोविंदशेठ म्हणाले, "साहेब, गाडी गावात आणू नका. धुरानं कापूस काळा पडंल. ठिणगी उडाली तं गंज्या जळतील. आमच्या गाडीवानाईचं काय?"

बाळशेठ म्हणाला, "साहेब, गाडी बाजाराच्या दारात आणा. नाईतं सगळा धंदा बडनेऱ्याले जाईल आन् आमी इथं माशा मारत बसू."

मी दोघांचं इंग्रजी केलं. साहेब म्हणाला, "तुमी दोघं एका दमणीतून आले, एका दमणीतून वापस जाणार. रस्त्यात ठरवा आन् मले एक काय ते सांगा."

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा हजर. चेहरे फुललेले.

गोविंदशेठ म्हणाले, "साहेब, पटलं मले. गाडी गावात आलीच पायजे!"

बाळशेठ म्हणाला, "अजिबात नको, साहेब! बाबानं त्या दिवशी रस्त्यात असं काई समजावलं, का मी कानालेच खडा लावला!"

साहेबाने डोक्याला हात लावला. अर्थात ठरवणारे वरचे लोक होते. मुख्य लाइन बडनेऱ्याहूनच गेली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात बाप आणि लेक जेवायला बसले की एकमेकांना एकच म्हणायचे, "तुझ्यामुळं!"

* * *

वाटेतल्या एका गावात सगुणाबाईंची विहीर बरोबर लाइनीत येत होती. त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली, बारमाही पाण्याची. अर्धं गाव तिच्यावर पाणी भरायचं. मोबदल्याचं नाव काढलं की त्या आत निघून जायच्या. वरून हुकूम आला की ऐकत नसतील तर शिपाई घेऊन जा. साहेबाच्या ते जिवावर आलं. मला म्हणाला, "आधी आपण जाऊ. नुसते दोघं."

गेलो. सगुणाबाई विहिरीच्या काठालाच चूल मांडून बसल्या होत्या. घर सोडून तिथेच मुक्काम! साहेब त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. त्या भाकर थापत राहिल्या. पण जेवायची वेळ, माणूस दारी आलेला. त्यांनी ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा त्याच्या हातावर ठेवला.

साहेबाला वाटलं, ही हिरवी चटणी म्हणजे भाजी. सगळा गोळा एकदम तोंडात!

त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. नाक वाहायला लागलं. बोलायला जावं तर आवाज फुटेना. नुसता विहिरीकडे हात करून दाखवतोय. पाणी मागत होता बिचारा!

गावकरी जरा लांबून बघत होते. त्यांना ठेचा दिसला नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की साहेब सगुणाबाईपुढे बसलाय, विहिरीकडे हात करतोय आणि ढसाढसा रडतोय.

एक म्हातारा गहिवरून पुढे आला. "सगुणा, देऊन टाक वं पोरी. आपल्या विहिरीसाठी ज्याले रडू येते, तो मानूस वाईट नसंल."

सगुणाबाईंनी साहेबाला लोटाभर पाणी दिलं. तो पाणी पीत असताना त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी दुसरी खोदून दे. पानी लागलं का हे घे."

साहेबाने दुसरी विहीर खोदून दिली. पाणी लागेपर्यंत रोज स्वतः जाऊन उभा राहायचा. पाणी लागलं त्या दिवशी सगुणाबाईंनी त्याला पुन्हा जेवायला बसवलं आणि ताट पुढे सरकवत म्हणाल्या, "आज ठेचा नाई वाढला, भाऊ. त्या दिवशी लय झोंबला तुले."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं!

* * *

लाइनीच्या आधी तार आली. अमरावतीच्या बाजाराजवळच्या एका खोलीत तारबाबू बसायचा. मद्रासकडचा, नवा, मराठी जेमतेम, पण माणूस फार गोड. मोडक्या हिंदीत सगळ्यांची विचारपूस करायचा. कोणाच्या घरी आजारी माणूस असलं तर त्याच्यासाठी उपास धरायचा.

एक दिवस कापसाचा बाजार ऐन भरात असताना हा हातात साखरेचा पुडा घेऊन धावत आला. डोळ्यांत पाणी. दिसेल त्याच्या हातावर साखर ठेवत सुटला. "लढाई खतम! अमेरिका का लढाई खतम! अब कोई नहीं मरेगा!"

बाजार जागच्या जागी थिजला. बोली थांबली. आता अमेरिकेचा कापूस सुटणार आणि आमचा भाव पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

गोविंदशेठ कापसाच्या बोऱ्यावर मटकन बसले. तळहातावर साखर तशीच. तिच्याकडे बघत म्हणाले, "बाबू, ही खबर वापस नाई का पाठवता येत?"

तारबाबूला वाटलं, यांना काहीतरी कळवायचंय. तो आनंदाने म्हणाला, "वापस नहीं, सेठजी, जवाब भेज सकते हैं. क्या लिखूँ?"

गोविंदशेठ म्हणाले, "लिवा, जराक अजून लढा!"

त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्या वर्षी बऱ्याच दुकानांना कुलपं लागली, गोविंदशेठांची दमणीसुद्धा गेली. पण पुढे सावरल्यावर हा किस्सा सगळ्यांना सांगत सुटले ते गोविंदशेठच. आणि तारबाबूला त्यांनी दर दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं, न चुकता.

* * *

आता उस्मानभाईंचं सांगतो. अकोल्याच्या गाडीवानांचे ते म्होरके. उंच, पांढरी दाढी, आवाज खर्जातला. कापूस लादून दूरदूरच्या पेठांना बैलगाड्या हाकण्यात त्यांचा जन्म गेला. आणि आता त्यांच्याच गाड्यांवरून आमचे रूळ वाहून नेले जात होते. ज्या रुळांनी त्यांचा धंदा बसणार, तेच रूळ!

एक दिवस सगळ्या गाड्या भर रस्त्यात थांबल्या. गाडीवान झाडाखाली जाऊन बसले. साहेब घोड्यावरून धावत आला आणि समजावायला लागला, की गाडी आल्यावर खेड्यांतून स्टेशनपर्यंत कापूस आणायला बैलगाड्याच लागतील, उलट काम वाढेल.

उस्मानभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, उद्या तुमच्या जागेवर लोखंडाचा साहेब आला, तं तुमी त्याले आपल्या खांद्यावर बसवून आनसान का?"

मी भाषांतर करायला लागलो. साहेब म्हणाला, "नको. समजलं मले."

तो घोड्यावरून उतरला आणि त्यांच्यात जाऊन बसला. चिलीम फिरत फिरत त्याच्याकडे आली, त्याने ओढली. ऊन उतरेपर्यंत तो तिथेच होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मी बी नसता आनला, उस्मानभाई. पण स्टेशनावरचं काम तुमच्याच लोकाईले भेटंल, हे मी माह्या तोंडानं सांगतो."

उस्मानभाई उठले. "चला रे," म्हणाले, "पोराईले जेवाले तं लागतेच." गाड्या हलल्या. साहेबाने आपला शब्द पाळला, हेही सांगितलं पाहिजे.

* * *

पहिली गाडी बडनेऱ्याला निघाली त्या दिवशी अकोल्याच्या स्टेशनावर मुंगी शिरायला जागा नव्हती. आंब्याच्या पानांची तोरणं, ताशे, फुलांनी मढवलेलं इंजिन. बारतोंडे साहेब काळा कोट घालून घामाने निथळत होता. कोणी इंजिनाला ओवाळत होतं, कोणी कानात बोटं घालून लांब उभं होतं.

एवढ्यात गर्दीने वाट करून दिली. उस्मानभाई येत होते. डोक्याला नवा साफा, कानात अत्तराचा फाया. दोन्ही हातांत दोन कासरे आणि मागे त्यांचे दोन बैल, पवळ्या आणि चांद. आंघोळ घातलेले, शिंगं रंगवलेली, पाठीवर भरजरी झूल. दोघंही आता म्हातारे झाले होते. मानेवर जुवाने पडलेले घट्टे झुलीच्या कडेने दिसत होते.

उस्मानभाईंनी खिडकीशी जाऊन सांगितलं, "तीन टिकीट द्या. बडनेरा."

स्टेशन मास्तर गोंधळला. "तीन कोण?"

"मी आन् हे दोघं."

"अहो, जनावरं मालडब्यात जातात!"

"मंग मीबी मालडब्यात."

मास्तरने साहेबाकडे पाहिलं. साहेब जवळ आला. "उस्मानभाई, तुमी माह्यासोबत बसा. गादी हाये. बैल मागच्या डब्यात येतील, मी मानूस ठेवतो."

"नाई, साहेब. याईनं कंदी गाडी पाह्यली नाई. घाबरतीन."

साहेबाने मास्तरला हाक मारली. मागे एक डबा रिकामा करायला सांगितला आणि स्वतः उभा राहून त्यात कडबा पसरून घेतला.

गाडी सुटली. शिट्टी झाली तेव्हा मागच्या डब्यातून एक हंबरडा ऐकू आला, आणि मग नाही. लाइनीच्या दोन्ही बाजूंनी माणसं धावत होती. कापसाची शेतं मागे जात होती. ज्या वाटेने आम्ही किती महिने पायी चाललो होतो, ती वाट बघता बघता संपली.

बडनेऱ्याला सगळी गर्दी साहेबाकडे धावली. मी मागच्या डब्याकडे गेलो. उस्मानभाई बैलांना उतरवून एका निंबाच्या सावलीत उभे होते. बैल निवांत रवंथ करत होते.

मी विचारलं, "काहो उस्मानभाई, बैल घेऊन बडनेऱ्याला काय काम काढलंत?"

"काम काई नाई."

"मग कोणाला विकायला आणलेत की काय?"

"तोबा, तोबा! कायले विकू? आता पायी पायी घरी घेऊन जातो."

"अहो, मग आलात कशाला?"

त्यांनी पवळ्याच्या मानेवर सरकलेली झूल बाजूला केली, आणि जुवाच्या घट्ट्यावरून हात फिरवत म्हणाले, "जिंदगीभर याईनंच वढलं, बाबू. म्हनलं, एक डाव तं याईले कोनीतरी वढाव."